जुनी स्टीलची रोड सायकल स्वस्तात उभी राहते, फक्त रंगाला हात लावू नका

जुना_चिमटा
मत मांडतोय, खोडून काढा. जुनी स्टीलची रोड सायकल कमी पैशांत रस्त्यावर येते, पण रंगाचा नाद सोडला तरच. लोक नेमकं उलटं करतात. सायकल घरी आली की दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसतात, फ्रेम खरवडतात, पावडर कोटिंगला देतात आणि टायर घ्यायची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा. मग तीच 'नुसती फ्रेम, रंग नवाकोरा' म्हणून विकायला निघते.

माझा क्रम असा: टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, केबली (आतली तार आणि वरचं आवरण, दोन्ही), चेन, छर्रे, ग्रीस. बस. टवके उडालेली सायकल चोरही दोनदा बघत नाही.

आत्ता हातात आहे तिच्या मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या नळकांड्यात) ग्रीसचं पार मेण झालेलं. कोन (छर्रे दाबून धरणारे नट) सोडवून छर्रे वाटीत काढले तर एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला आठ. कोणा महाभागाने एक हरवला आणि तसंच बंद केलं! पाव इंची नवे छर्रे टाकले, नऊ-नऊ. आता चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्ह खाली येऊन लंबकासारखा झुलतो आणि मगच थांबतो. रंगाने हे होतं का?

सरळ_हिशोब
असहमत. तुम्ही 'बस' म्हणालात तिथून खरा खर्च सुरू होतो. फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) काढायची जी खाचेची चावी लागते, ती तुमच्याकडची बसेलच असं नाही. कोनला पातळ पाने लागतात, बीबीला (बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा आस फिरतो ती जागा) वेगळं हत्यार. ही हत्यारं कोणी खर्चात धरतच नाही.

आणि चाकं? त्या काळच्या कित्येक सायकलींना २७ इंची चाकं आणि वर क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम. पावसात ब्रेक दाबा आणि देवाचं नाव घ्या. म्हणून ॲल्युमिनियमच्या ७०० सी रिम घ्यायच्या. रिम लहान, म्हणून ब्रेकची रबरं खाली घ्यायची. नवा हब १३० मिमी रुंद, फ्रेमची मागची फट १२६ ची. एक दोरा ओढला की अख्खा स्वेटर उसवतो. त्यापेक्षा पाच-सात वर्षं वापरलेली ॲल्युमिनियमची सायकल घ्या, हवा भरा, चालू लागा. फुकटात मिळालेली फ्रेम सगळ्यात महाग पडते.

जुना_चिमटा
हत्यारांचं मान्य. बाकी नाही. ६३० (२७ इंची) आणि ६२२ मिमीच्या (७०० सी) रिमच्या व्यासात फरक ८ मिमीचा, म्हणजे रबर फक्त ४ मिमी खाली. बहुतेक ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असते, आधी मोजून बघायचं. १२६ ची फ्रेम १३० करायची तर दर बाजूला २ मिमी. स्टील वाकतं आणि वाकलेलं राहतं, हाच तर त्याचा गुण. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) पुढे हेड ट्यूबला (हँडलखालची उभी नळी) वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडे अंतर मोजा. सारखं आलं की फ्रेम सरळ. (ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नका, तडकेल.)

तेही नको असेल तर १२६ च राहू द्या, सहा किंवा सात गिअरचं फ्रीव्हील लावा. शिमानोने १९८४ मध्ये ड्यूरा-एसवर टकटक वाजणारे इंडेक्स गिअर आणले, त्याआधीचे साधे घर्षणाचे लिव्हर कुठल्याही फ्रीव्हीलशी जमवून घेतात.

आऊट_काढणारा
दोघेही फ्रेम न बघता भांडताय. पुढच्या वरच्या कोपऱ्यात, हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावर बोट फिरवा. फुगवटा किंवा रंगाला आडवी चीर लागली तर समोरून धडक बसलीय, सोडून द्या. मग सीटपोस्टवरचा (सीटखालच्या दांड्यावरचा) आकडा बघा. २८.६ मिमीच्या सीटच्या नळीत २७.२ चा पोस्ट असेल तर तिथे नळीची भिंत ०.७ मिमी, म्हणजे माल चांगला. २५.४ निघाला तर जाड नळी, जड सायकल. तिच्यावर टायर आणि ग्रीसपलीकडे खर्च नको. 'रेनॉल्ड्स ५३१' च्या स्टिकरवर जाऊ नका. ती नळी १९३५ पासूनची, नावाजलेली, म्हणून स्टिकरही कुणीही चिकटवतो.

आणि बीबीचा उजवा कप इंग्लिश फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो, इटालियनवर सुलट्या. न बघता जोर लावणाऱ्यांचे आटे मी पुष्कळ बघितलेत.

नवा_पाना
मी रंगाच्या बाजूने. मला ती सुंदर दिसते म्हणून तर घेतली! रंगाखाली गंज पसरत असेल त्याचं काय?

जुना_चिमटा
@नवा_पाना बाहेरचा गंज दिसतो, घासता येतो. फ्रेम खाते ती आतून, पाणी सीटच्या नळीतून उतरून बीबीपाशी साचतं. सगळं सुटं आहे तोवर आत जवसाचं तेल फिरवा, निथळू द्या. सुंदर दिसायचंच असेल तर हँडलची टेप बदला.

सरळ_हिशोब
एक विचारू? हब झालं, दोरा झाला, तेल झालं. सीटपोस्टचा उल्लेख कुठेच नाही. निघाला का तुमचा?

जुना_चिमटा
...

नाही.

सरळ_हिशोब
वाटलंच. स्टीलमध्ये ॲल्युमिनियम, वर्षानुवर्षांची ओल, दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. माझा तीन आठवडे तेल सोडून हलला नाही. शेवटी आतून हॅकसॉच्या पात्याने उभा चिरला, तर शेवटच्या दोन इंचांत पातं नळीतही शिरलं. तेव्हापासून मी या पंथातून बाहेर.

आऊट_काढणारा
सॅडल धरून पिळू नका, क्लॅम्प तुटेल. पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळा आणि फ्रेम फिरवा, लांब दांडा मिळतो. त्यानेही नाही झालं तर कॉस्टिक सोडा. ॲल्युमिनियम खातो, स्टीलला सोडतो. पण उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, कारण हायड्रोजन निघतो आणि कातडीही जाते.

सरळ_हिशोब
आणि रंगही जातो.

जुना_चिमटा
ठाऊक आहे हो. काल व्हाइसमध्ये लावून फिरवली, किर्र झालं, केसभर सरकली. आज परत तेल सोडलंय.