अक्कलदाढ काढल्यानंतरचा जंतुसंसर्ग : नेमके कितव्या दिवशी काय जाणवले?

भाचीची खालची आडवी अक्कलदाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. तिला मिळालेल्या छापील सूचना ती मला वाचून दाखवत होती आणि 'तोंड उघडणे कठीण होऊ लागल्यास कळवावे' या ओळीपाशी माझा हात आपसूक उजव्या गालावर गेला. माझी दाढ काढून ११ वर्षे झाली. सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती, पाचव्या दिवशी ती बरीचशी ओसरली आणि मी निर्धास्त झाले. सातव्या दिवशी सकाळी गाल पुन्हा टणक लागला, तोंडात खारट-कडवट चव येऊ लागली आणि दोन बोटे आडवी मावतील एवढेही तोंड उघडेना. आधीचीच सूज रेंगाळली आहे अशी समजूत करून घेऊन मी आणखी दोन दिवस घालवले. उतरलेली सूज परत येणे हेच संसर्गाचे लक्षण असते, हे मला कोणी सांगितले नव्हते, की सांगितलेले मी ऐकले नव्हते, हे आता आठवत नाही. अखेर टाके उकलून पू काढावा लागला. आपणांपैकी कोणाला असे काही झाले असल्यास कितवा दिवस होता ते आवर्जून लिहावे. भाचीला वाचायला देईन.

* * *

तिसरा दिवस. सूज उतरू लागली होती, ताप नव्हता, पू नव्हता. होता तो फक्त कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला येणारी दुर्गंधी. मी हा संसर्गच समजलो आणि पूर्वीच्या आजारपणातून उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आपल्याच मनाने सुरू केल्या, त्यांचा अर्थातच काही उपयोग झाला नाही. खळग्यातली रक्ताची गुठळी निघून गेल्यामुळे आतले हाड उघडे पडले होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि त्यावरचा मुख्य उपाय खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरणे हा असतो. पट्टी भरल्यानंतर त्या खुर्चीतच मला डुलकी लागली, कारण त्याआधी दोन रात्री मी झोपलोच नव्हतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी मी सिगारेट ओढली होती, हे सांगायला संकोच वाटतो. पण ते वगळले तर अनुभव अर्धवट राहील.

* * *

माझा अनुभव संसर्ग न झाल्याचा आहे, तरीही लिहिते. चौथ्या दिवशी आरशात पाहताना खळग्यावर पांढरट-पिवळसर थर दिसला आणि तो पू आहे अशा खात्रीने मी तो कापसाने पुसून काढू लागले. तो भरून येणाऱ्या जखमेचाच थर होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हातातल्या कापसाकडे पाहिले.

* * *

वरचे सर्व अनुभव पहिल्या आठवड्यातले आहेत, म्हणून माझा दिवस सांगतो : तेहेतिसावा. टाके विरघळून गेले होते, मी सगळे चावून खात होतो आणि दाढ काढल्याचे विसरूनही गेलो होतो. एका संध्याकाळी जबड्याच्या कोपऱ्याशी सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि सकाळपर्यंत तिचे गळू झाले. खालच्या दाढेचा खळगा वरून मिटत आला तरी आत बरेच दिवस पोकळ राहतो. त्यात अन्नकण अडकून कुजले, तर इतक्या उशिराही संसर्ग होऊ शकतो, असे तेव्हा समजले. वाकड्या नळीची पिचकारी मला पहिल्याच दिवशी दिली होती. काही दिवसांनंतर तिने खळगा कोमट पाण्याने धुवायचा होता, पण ती वेष्टनातून बाहेरच निघाली नाही.

* * *

ताप नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी लिहीत आहे. माझ्या भावाने वेदनेसाठी दर सहा तासांनी पॅरासिटामॉल घेतले, त्यामुळे तापमापकावर ताप कधी दिसलाच नाही. सहाव्या दिवशी त्याला थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, आणि उताणे झोपल्यावर श्वास कोंडतो म्हणून तो रात्रभर बसून राहिला. आम्ही सकाळची वाट पाहिली, ही आमची चूक. त्याला अतिदक्षता विभागात दोन दिवस ठेवावे लागले. आता तो बरा आहे, मात्र त्या रात्रीविषयी घरात कोणी बोलत नाही.

* * *

मी दंतवैद्य आहे, म्हणून भावाच्या अनुभवाविषयी थोडे लिहिते. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांची टोके बहुधा तोंडाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या खालच्या पातळीवर असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता थेट जबड्याखालच्या भागात उतरू शकतो. तो दोन्ही बाजूंना पसरला की जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले, आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. ती दुर्मीळ आहे, परंतु गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा जाणवला, तर दंतवैद्याची वेळ मागत न बसता तडक रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

'मग सर्वांना आधीच प्रतिजैविके का देत नाहीत?' हे मला नेहमी विचारले जाते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानुसार सुमारे १९ निरोगी व्यक्तींना ती दिली, तेव्हा एकीचा संसर्ग टळतो. उरलेल्या अठरा जणांनी ती विनाकारण घेतलेली असतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर हिशेब बदलतो, म्हणून अशी माहिती आधीच सांगावी. आणि पू साचला असेल तर त्याचा निचरा व्हावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

* * *

दंतवैद्यांना एक प्रश्न : मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या त्याच दिवशी सुरू कराव्यात काय? मी भूल उतरताच जोरजोरात सुरू केल्या होत्या.

* * *

पहिले २४ तास चूळही भरू नये, गुठळी सुटते. त्यानंतर पाणी तोंडात हलकेच फिरवून आपोआप गळू द्यावे. आपली गुठळी टिकली, हे आपले नशीब.

* * *

सर्वांचे आभार. भाचीची दाढ मंगळवारी निघाली. हे सारे वाचून तिने रोज सकाळी एकाच खिडकीपाशी उभे राहून गालाचे छायाचित्र काढायचे ठरवले आहे, म्हणजे सूज उतरते आहे की परतते आहे हे अंदाजावर सोडावे लागणार नाही. आज तिसरा दिवस असून गाल कालच्यापेक्षा किंचित मोठा दिसतो, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. पिचकारी मी वेष्टनातून काढून आरशापाशी ठेवली आहे.