मुंबईत वसंत आला हे गॅलरीत कसं ओळखता?

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे, दहाबारा कुंड्या. संक्रांतीनंतर कढीपत्त्याची निम्मी पानं पिवळी पडून गळली, मला वाटलं गेलं झाड, टाकणारच होते पण काल बघते तर प्रत्येक फांदीच्या टोकाला लालसर पोपटी कोंब! हा वसंत म्हणायचा का? अजून पहाटे पंखा बंद करावा लागतोय.

> हो हो, तोच. टाकू नका!! कढीपत्ता थंडीत झोपतो आणि फेब्रुवारीत उठतो, आमचा दरवर्षी हेच नाटक करतो. आता शेंडे खुडा म्हणजे बाजूने फुटेल, आणि मूठभर शेणखत. फक्त कोवळ्या फुटीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो, पानं उलटी करून बघत जा.

> मोगऱ्याची छाटणी केलीत का? मी जानेवारी अखेरीस पानं ओरबाडून आठवडाभर पाणी कमी करते, मग खत. मार्चमध्ये कळ्या. सासूबाईंची पद्धत आहे, पहिल्या वर्षी मला क्रूरपणा वाटला होता.

> आमच्याकडे बोरिवलीला कुंडीआधी कान सांगतात. कोकीळ पहाटे पाचलाच सुरू, झोपेचं खोबरं. नॅशनल पार्कात काटेसावर फुललीय, एकही पान नाही नुसती लाल फुलं, रविवारी जाऊन या. आणि सोसायटीतल्या आंब्याला मोहोर आलाय, त्यामुळे गाड्या सगळ्या चिकट.

> धन्यवाद सगळ्यांना, शेंडे खुडले, आज आमटीत तेच 😄 मोगऱ्याला उशीर झाला का आता?

> नाही झाला, आजच करा.