वाक्य पटणारे हवे

सकाळी उठल्यावर ‘मी यशस्वी आहे, मी आनंदी आहे’ असे रोज मोठ्याने म्हटले की कोणाचाही दृष्टिकोन आशावादी होतो, हे मत मला अर्धेच पटते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांना स्वतःविषयी मुळातच फारसे चांगले वाटत नव्हते, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच भक्कम होता, त्यांना मात्र थोडा फायदा झाला. म्हणजे ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांनाच हा उपाय बाधू शकतो, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

माझ्या भाचीने दहावीच्या वर्षी अभ्यासाच्या टेबलासमोर ‘मला गणित उत्तम येते’ असा कागद चिकटवला होता आणि प्रत्येक चाचणीनंतर तो पाहून ती रडवेली होत असे. ताईने तो काढून तिथे ‘पायथागोरसचे प्रमेय मी काल न बघता सिद्ध केले’ असे लिहिले. हे वाक्य खरे असल्यामुळे तिला ते नाकारता येत नव्हते, आणि पुढची वाक्ये ती स्वतःच लिहू लागली.