कच्च्या गुणवत्तेच्या खेळाडूने महाविद्यालय लवकर सोडून एनबीएत जावे का?

ओहायोवासी

एप्रिलमध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम संपतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांपुढे दर वर्षी तोच प्रश्न उभा राहतो: अजून एक वर्ष येथेच थांबायचे की एनबीएच्या, म्हणजे तेथील व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (जेथे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात) नाव द्यायचे? जे मुळातच तयार आहेत, त्यांच्याविषयी मला येथे चर्चा करायची नाही. ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग २०२५ मध्ये अठराव्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याने थांबावे असे कोणी म्हणणार नाही. मी बोलतो आहे तो कच्च्या खेळाडूबद्दल. उंची, उडी आणि लांब हात त्याला जन्मतःच मिळालेले आहेत. पण पाय कुठे ठेवावा, चेंडू कधी सोडावा आणि बचावात कोणाला मदतीला जावे, हे त्याला अजून उमगलेले नाही.

ज्यांना नियम ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००६ च्या ड्राफ्टपासून अमेरिकन मुलाला त्या वर्षात १९ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक वर्ष उलटावे लागते. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतील ३० जणांना दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते आणि पुढची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर असतात. दुसऱ्या फेरीत निवड झाली तरी हमी द्यायला संघ बांधील नसतो. माझ्या मते कच्च्या खेळाडूने थांबावे, आणि त्याचे मुख्य कारण पैसा नसून खेळायला मिळणारी मिनिटे हे आहे.

गेल्या हंगामात आमच्या भागातील एका छोट्या महाविद्यालयाचा सामना मी मैदानाला लागून असलेल्या पहिल्या रांगेत बसून पाहिला. त्यांच्याकडे पहिल्या वर्षाचा, सात फुटांना जेमतेम कमी असलेला एक मुलगा होता. तो सगळ्यांच्या डोक्यावरून रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परतणारा चेंडू) घ्यायचा, पण पाय जमिनीला टेकताच चेंडू कमरेपर्यंत खाली आणायचा आणि त्याच्यापेक्षा फूटभर बुटका गार्ड तो अलगद काढून न्यायचा. असे तीन वेळा झाले. प्रशिक्षक दर वेळी बाकाजवळून "वर धर, वर धर" असे ओरडत राहिले; पण त्यांनी त्याला बाहेर काढले नाही. चौथ्या वेळी त्याने चेंडू हनुवटीशी धरला, कोपरे बाहेर काढली, मान वळवून पाहिले आणि शांतपणे पास दिला. हे त्याला आधी शंभरदा सांगून झाले असणार, पण ते अंगात उतरले सामन्यातल्या त्या चुकांनंतर. ज्या संघात पहिल्याच चुकीला बाकावर बसवतात, तेथे ही चौथी वेळ येतच नाही.

हसन व्हाइटसाइडचे उदाहरण पाहा. मार्शल विद्यापीठात २००९-१० च्या हंगामात तो सामन्याला सरासरी पाचाहून अधिक ब्लॉक करत होता, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या फेकी हवेतच अडवत होता, आणि देशात त्या बाबतीत पहिला होता. एका वर्षातच त्याने ड्राफ्टमध्ये नाव दिले, पहिल्या फेरीत नंबर लागला नाही आणि सॅक्रामेंटोच्या संघाने ३३ वा म्हणून त्याला घेतले. तेथे दोन हंगामांत मिळून त्याला १९ सामने मिळाले. पुढे त्याला पोटासाठी लेबनॉन आणि चीनपर्यंत खेळत फिरावे लागले.

शिवाय आता थांबणे म्हणजे फुकट खेळणे राहिलेले नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठे सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे थेट वाटू शकतात; २०२५-२६ साठी ती मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. २०२१ मध्ये ३५३ जणांनी ड्राफ्टसाठी मुदतीआधी, म्हणजे महाविद्यालयात खेळायची वर्षे संपण्याआधीच, नाव दिले होते. २०२५ मध्ये तो आकडा १०६ वर आला. मुलांनाही हे समजते आहे.

हिशेबनीस

ओहायोवासी यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. आधी त्यांच्या आकड्यांतील एक त्रुटी दाखवतो. २०२१ चा ३५३ हा आकडा फुगलेला होता, कारण कोविडमुळे सर्वांना महाविद्यालयात खेळायला एक वर्ष वाढवून मिळाले होते आणि त्यामुळे चौथ्या वर्षाच्या मुलांनाही मुदतीआधीचे उमेदवार म्हणून नाव द्यावे लागले. नाव देणाऱ्यांची संख्या खरोखर घटली आहे हे मला मान्य आहे. मात्र ती या प्रमाणात घटलेली नाही.

आता मूळ मुद्दा. ड्राफ्टच्या दिवशी संघ आजचा खेळ विकत घेत नाहीत, ते चार वर्षांनंतरचा खेळ विकत घेतात. कच्च्या खेळाडूची किंमत त्याच्याविषयीच्या आशेत असते आणि महाविद्यालयातले प्रत्येक जादा वर्ष त्या आशेची पारख करत जाते. बेलर विद्यापीठाचा पेरी जोन्स २०११ मध्ये पहिल्या दहांत जाईल असा बहुतेकांचा अंदाज होता. तो थांबला. वर्षभर त्याच्या खेळातील उणिवा सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिल्या, गुडघ्याची शंका निघाली आणि २०१२ मध्ये तो २८ व्या क्रमांकापर्यंत घसरला. आपल्याच ओहायो स्टेटच्या जॅरेड सलिंजरची गत तशीच झाली. तोही २०११ मध्ये थांबला आणि पुढच्या वर्षी पाठीच्या दुखण्यावरून डॉक्टरांनी शंका काढल्यावर २१ वा निवडला गेला. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे म्हणजे हेच.

याउलट झॅक लॅव्हीन पाहा. यूसीएलए विद्यापीठात पहिल्या वर्षी तो बहुतेक सामन्यांत बाकावरून उतरत असे आणि सरासरी ९.४ गुण मिळवत असे. एवढ्या भांडवलावर कुठे निघालास, असे त्याला अनेकांनी विचारले. तरी तो २०१४ मध्ये १३ वा निवडला गेला. २०१८ मध्ये त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला आणि २०२२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पाच वर्षांसाठी २१ कोटी ५० लाखांचा. पहिला करार साधारण चार वर्षांचा असतो आणि खरा पैसा दुसऱ्या-तिसऱ्या करारात असतो. जो एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करतो तो तिसऱ्या करारासाठी ऐन उमेदीत बसतो; जो तेविसाव्या वर्षी येतो, त्याची तिशी तेथेच उलटते. विद्यापीठाचे धनादेश हे गणित बदलत नाहीत.

मिनिटांचा मुद्दा खरा असला तरी सरावाचाही विचार करा. हंगामात महाविद्यालयीन खेळाडूच्या अधिकृत सरावावर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि त्याच आठवड्यात त्याचे वर्ग, परीक्षा आणि प्रवास असतो. व्यावसायिक खेळाडूचा सगळा दिवस खेळाचा असतो. पाय कुठे ठेवावा हे शिकायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

नागपूरकर प्रशिक्षक

मी नागपुरात बरीच वर्षे मुलांना बास्केटबॉल शिकवतो आहे. एनबीएशी माझा संबंध पहाटे उठून सामने पाहण्यापुरता आहे. पण कच्चा उंच मुलगा कसा घडतो आणि कसा वाया जातो, हे मी हातांनी अनुभवले आहे.

माझ्याकडे एक उंच मुलगा होता. सोळाव्या वर्षी त्याला एका वरिष्ठ संघाने उचलले आणि आम्ही सगळे हरखून गेलो. संपूर्ण हंगाम तो ट्रॅकसूट घालून बाकावर बसला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक विचित्र घाई आली होती: चेंडू मिळाला की तो लगेच कुणाला तरी देऊन टाकायचा, जणू तो जवळ ठेवणेच गुन्हा आहे. ती घाई घालवायला मला दोन वर्षे लागली. म्हणून ओहायोवासींचे म्हणणे मला मनापासून पटते.

तरीही महाविद्यालयात राहिले म्हणजे मूल तयार होईलच, ही समजूत मला मान्य नाही. टांझानियाचा हशीम थबीट कनेक्टिकट विद्यापीठात तीन वर्षे खेळला आणि २००९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. महाविद्यालयात नुसत्या सात फूट तीन इंच उंचीवर भागत होते, म्हणून बाकीचे शिकायची निकड त्याला भासलीच नसावी. पहिल्याच हंगामात मेम्फिसने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवले. त्या उलट जर्मेन ओनील १९९६ मध्ये शाळेतून थेट आला, पोर्टलँडच्या बाकावर चार वर्षे बसला आणि इंडियानाला गेल्यावर निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी सहा वेळा निवडला गेला. ती चार वर्षे तो रोजच्या सरावात देशातील कसलेल्या मोठ्या खेळाडूंशी झुंजत होता, हे विसरू नये. आज तर टू-वे कराराची सोय आहे. असा खेळाडू मुख्य संघासोबत ५० सामन्यांपर्यंत राहू शकतो आणि बाकीचा वेळ जी लीग या खालच्या लीगमध्ये खेळतो, म्हणजे बाकावर गंजत नाही. व्हाइटसाइडच्या वेळी, २०१० मध्ये, हा करार नव्हता.

ओहायोवासी

हिशेबनीस, २०२१ च्या आकड्याबद्दल तुमची दुरुस्ती योग्य आहे आणि मी ती स्वीकारतो. पेरी जोन्सचे उदाहरणही माझ्या विरोधात जाते, हे मी नाकारत नाही.

सलिंजरचे मात्र जात नाही. तो कच्चा नव्हता. पहिल्याच वर्षी बास्केटखाली पाठ लावून जागा कशी करायची, हे त्याला पक्के ठाऊक होते. अडचण पाठीची होती आणि ती एक वर्ष आधी गेला असता तरी उपटलीच असती. शिवाय थांबल्यामुळे तो २०१२ मध्ये संघासह फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत, पोचला. लॅव्हीनच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट सांगितली नाही. तो मिनेसोटाला गेला, नोव्हेंबरमध्येच रिकी रुबिओचा घोटा दुखावला आणि जो मुलगा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा) नव्हताच, त्याच्या हाती रात्रीमागून रात्र चेंडू सोपवण्यात आला. त्या संघाने हंगामात १६ सामने जिंकले. हरणे परवडणाऱ्या संघात त्याला चुका करायची मुभा मिळाली. म्हणजे लॅव्हीनसुद्धा मिनिटांवरच घडला. फरक इतकाच की ती त्याला एका सहकाऱ्याच्या दुखापतीमुळे मिळाली, आणि दुखापतीच्या भरवशावर कोणी मुलाला निघ म्हणून सांगू शकत नाही.

आता माझे उदाहरण देतो, तेही आमच्या ओहायोतले. डेटन विद्यापीठाचा ओबी टॉपिन शाळेत असताना कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१९ मध्ये, महाविद्यालयात फक्त एक हंगाम खेळल्यावर, त्याने ड्राफ्टची चाचपणी केली, लोकांची मते ऐकली आणि मुदतीच्या आत माघार घेतली. पुढच्या हंगामात डेटनने ३१ पैकी २९ सामने जिंकले, टॉपिन देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि २०२० मध्ये आठवा निवडला गेला. टोरंटोचा झॅक ईडी पर्ड्यू विद्यापीठात आला तेव्हा त्याला बास्केटबॉल खेळायला लागून थोडीच वर्षे झाली होती आणि पहिल्या हंगामात त्याला सामन्याला पंधराएक मिनिटे मिळत. चौथ्या हंगामात त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि २०२४ मध्ये तो नववा गेला. यांचे कराराचे गणित उशिरा सुरू झाले हे खरे. पण निम्मा शिकलेला खेळाडू तिसऱ्या कराराचे स्वप्न पाहत निघतो आणि पहिल्याच्या शेवटी घरी येतो, हेही तितकेच खरे आहे.

न्यू जर्सीची आई

माझा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. त्याच्यापुढे हा प्रश्न कधी येणार नाही, पण आमच्या घरी सिम भुल्लर याच्यावर खूप बोलणे झाले आहे. सात फूट पाच इंच उंचीचा, कॅनडातील पंजाबी कुटुंबातला हा मुलगा न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून दोन वर्षांनी निघाला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोने त्याला दहा दिवसांचा करार दिला आणि तो एनबीएत उतरणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. त्या रात्री आमच्या घरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो एकूण तीन सामने खेळला.

मला त्याचे चुकले असे म्हणायचे नाही. वर्गात बसण्याने उंची वाढत नाही आणि पायांचा वेगही वाढत नाही, हे मला समजते. पण तुम्ही सगळे करार आणि मिनिटे यांविषयी बोलत आहात आणि पदवीचा उल्लेख कोणी केला नाही, याचे मला वाईट वाटले. त्याच वेळी, ज्या घरात आईच्या दोन नोकऱ्यांवर भाडे निघते, त्या मुलाला थांब म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हाही प्रश्न मला पडतो.

हिशेबनीस

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच माझ्या मताच्या मुळाशी आहे. पदवी तिशीतही घेता येते. एकोणिसाव्या वर्षीचा गुडघा परत मिळत नाही.

ओहायोवासी, व्हाइटसाइडची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मायामीने त्याला घेतले, जानेवारीत त्याने शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात १४ गुण, १३ रिबाउंड आणि १२ ब्लॉक केले आणि २०१६ मध्ये त्याला चार वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. त्याची वाट वाकडी होती, पण बंद नव्हती.

तरीही नागपूरकरांच्या त्या ट्रॅकसूटमधल्या मुलावरून माझे मत थोडे हलले आहे. ज्याचा अंदाज सरळ दुसऱ्या फेरीचा आहे, त्याने आज थांबावे हे मी मान्य करतो, कारण २०२४-२५ मध्ये टू-वे कराराचे पूर्ण हंगामाचे पैसे सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर होते आणि चांगले विद्यापीठ एखाद्या उंच मुलाला त्याहून अधिक देऊ शकते. पण पहिल्या फेरीच्या शेवटी, २५ ते ३० क्रमांकाच्या आसपास ज्याचे नाव घेतले जाते, त्याला मी निघ असेच सांगेन. दोन वर्षांची हमी हातात पडली की ती घ्यावी.

ओहायोवासी

नेमके तेथेच आपले जमत नाही. पहिल्या फेरीच्या शेवटी निवड करतात ते बहुधा गेल्या हंगामात जिंकलेले संघ, आणि जिंकणाऱ्या संघाला शिकाऊ मुलासाठी मिनिटे काढणे सर्वांत जड जाते. एनबीएची समिती पदवीआधीच्या खेळाडूंना त्यांच्या क्रमांकाचा अंदाज कळवते. मी त्या मुलाचा काका असतो तर अंदाज ऐकून झाल्यावर त्या संघाला आणखी एकच गोष्ट विचारली असती: त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतो आणि त्याचा करार किती वर्षांचा उरला आहे? उत्तर तीन वर्षांचे असेल, तर त्याला मी पुन्हा महाविद्यालयाच्या मैदानावर नेऊन सोडेन.