गेट पल्सची कड थरथरूलीय, स्कोप खराब की माझंच काहीतरी चुकूलंय?

उद्यमबाग_वायरमन
मंडळी नमस्कार. फौंड्रीच्या एका हीटरसाठी एससीआरचं (वीज चालू करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फेज कंट्रोल कार्ड बनवूलोय, म्हणजे दर अर्ध्या लाटेत तो किती उशिरा चालू करायचा ते ठरवणारं. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) 9 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरचा साईन चॅनेल 1 ला, एससीआर चालू करणारा मायक्रोकंट्रोलरचा गेट पल्स चॅनेल 2 ला. ट्रिगर, म्हणजे स्कोपनं दरवेळी चित्र कुठून धरायचं तो बिंदू, चॅनेल 1 वर आणि त्याची लेव्हल 12 व्होल्टला ठेवलीय, म्हटलं शेंड्याजवळ असली की चुकायची नाही. तर डिले देऊन घराला 50 मायक्रोसेकंदाच्या टाइमबेसला पल्सची कड बघितली आणि पर्सिस्टन्स (जुने ट्रेस न पुसता एकावर एक दाखवणं) लावलं तर दीड घर जाड पट्टाच येऊलाय, म्हणजे 75-80 मायक्रोसेकंद. स्कोप नवीनच आहे, चार चॅनेलचा, स्वस्तातला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो सगळे असेच असतात. मित्र म्हणतो सॅम्पल रेट (सेकंदाला किती मापं घेतो ते) कमी पडूलाय. कुणाचं खरं?

निपाणीकर_पीसीबी
मित्राचं नाही रे भावा. चारी चॅनेल चालू केले की 1 गिगासॅम्पलचा स्कोप 250 मेगासॅम्पलवर येतो, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये 4 नॅनोसेकंद. ट्रिगर कधी आला आणि सॅम्पलचं घड्याळ कधी टिकटिकलं हे एकमेकांना माहीत नसतं, म्हणून स्कोप आतल्या आत ती फट मोजून ट्रेस सरकवून घेतो. नव्या डिजिटल ट्रिगरवाल्यात तर सॅम्पलमधूनच लेव्हल कुठं ओलांडली ते काढतात. ह्यातली चूक नॅनोसेकंदात असते, तुझं दुखणं त्याच्या हजारो पट मोठं आहे. लेव्हल झीरोला आण आणि बघ. आणि प्रोबची ग्राउंड क्लिप मेनच्या बाजूला चुकूनसुद्धा लावू नकोस, स्कोपची ग्राउंड अर्थला असते, भडका उडेल.

टिळकवाडी_जुना_सीआरओ
निपाणीकरांनी लेव्हल झीरोला आण म्हटलं ते बरोबर आहे, पण का ते सांगतो. ट्रिगरची थरथर म्हणजे नॉईज भागिले चढ, बाकी काही नाही. 9 व्होल्ट आरएमएस (मीटर दाखवतो ते) म्हणजे शिखर 12.7. झीरोजवळ चढ मायक्रोसेकंदाला 4 मिलिव्होल्ट पडतो. तुमच्या 12 व्होल्टला साईन जवळजवळ आडवा झालेला असतो, चढ फक्त 1.3 मिलिव्होल्ट. आता तारांवर नॉईज 100 मिलिव्होल्ट पीक टू पीक धरा. झीरोला 25 मायक्रोसेकंद हलणार आणि 12 व्होल्टला 77. तुम्ही दीड घर म्हणालात ना, आलं की बरोब्बर! हाच नॉईज पल्सच्या कडेवर ठेवा, 5 व्होल्ट 20 नॅनोसेकंदात चढतात असं धरलं तर अर्धा नॅनोसेकंदसुद्धा हलणार नाही.

झीरोला आणलं की एक नवं लफडं होईल. खाली उतरतानाचा झीरो येतो तेव्हा नॉईजमुळे क्षणभर सिग्नल वर जातो आणि स्कोपला वाटतं चढ आला, मग मधेच उलटा साईन चमकून जातो. त्याला नॉईज रिजेक्ट चालू करा. ते हिस्टेरिसिस, म्हणजे पुन्हा ट्रिगर व्हायच्या आधी सिग्नल लेव्हलच्या किती खाली जायला हवा ती फट, रुंद करतं, खोटे ट्रिगर थांबतात, पण खऱ्या कडेची थरथर त्यानं कमी होत नाही, लोक इथंच फसतात. थरथर कमी करायला एचएफ रिजेक्ट (वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉईज गाळणं), ते फक्त ट्रिगरच्या वाटेवर गाळतं, ट्रेसला हात लावत नाही. ॲव्हरेज मात्र लावू नका, कड गोल होऊन सगळं झाकलं जातं आणि आपण खूश.

खानापूर_सर्किट
काका, पण मग थरथर सिग्नलची की स्कोपची हे ओळखायचं कसं?

टिळकवाडी_जुना_सीआरओ
चांगलं विचारलंस बाळा. डिले काढून ट्रिगरचाच बिंदू मोठा करून बघ, तिथं जाडी दिसली तर नॉईज आणि ट्रिगरचं काम. तिथं बारीक आणि पुढं जाड असेल तर सिग्नलच हलतोय. मेनचा दुसरा झीरो 10 मिलिसेकंदांनी येतो, ग्रिड 50 हर्ट्झवरून 49.95 ला घसरली तरी तो 10 मायक्रोसेकंद सरकतो, त्यात स्कोपचा काय दोष? आणि ट्रिगर चॅनेल 2 वर टाकलास तर पल्स गप्प उभा आणि साईन नाचायला लागेल. बेळगाव स्टेशनला शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली वाटतं ना, तसंच. ज्याला धरशील ते थांबतं.

उद्यमबाग_वायरमन
काका, लेव्हल झीरोला आणली, एचएफ रिजेक्ट लावलं, पट्टा 80 वरून 20 च्या आसपास आला. तरी मन मानेना, म्हणून झीरो क्रॉसिंग ओळखणाऱ्या ऑप्टोच्या (प्रकाशानं सिग्नल पलीकडे देणारा भाग) आउटपुटवर ट्रिगर धरला, तिथं कड काचेसारखी, पण गेट पल्स अजून 10-12 मायक्रोसेकंद हलतोच. मग कोड उघडला. झीरोची पिन मेन लूपमध्ये फिरत फिरत वाचूलो होतो, मधे एलसीडीला लिहायचं काम. पिन इंटरप्टला घातली, म्हणजे पिन बदलली की हातातलं काम सोडून लगेच तिकडं बघायचं, आणि पल्स आता गपगार उभा. दुकानदाराला उगाच दोन दिवस शिव्या घातल्या की.