मशीहा, ख्रिस्त, अभिषिक्त: तिन्ही एकच का?

प्रश्न: बायबलमधल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) 'मशीहा' आणि 'ख्रिस्त' दोन्ही भेटतात, बातम्यांत 'गोरगरिबांचा मसीहा' असतो. अर्थ एकच का? आणि शिष्य पेत्राने येशूला 'आपण ख्रिस्त आहात' असं अचूक सांगूनही लगेच बोलणी का खाल्ली?

उत्तर: हिब्रू 'माशीआख' म्हणजे तेल ओतून नेमलेला. त्याचंच ग्रीक 'ख्रिस्तोस'. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'मशीहा' हे रूप दोनदाच येतं (योहान १:४१, ४:२५), आणि दोन्हीकडे 'म्हणजे ख्रिस्त' असा खुलासा आहे. थोडक्यात, ख्रिस्त हे आडनाव नव्हे, पद आहे. वर्तमानपत्री 'मसीहा' हिंदी-उर्दूच्या वाटेने आला. त्यात नुसता 'तारणहार' उरला, नेमणूक गळाली.

भर: 'अभिषेक' म्हटलं की आपल्याला मूर्तीवरची धार आठवते. इथे राज्याभिषेक जवळचा. तेल माणसावर ओततात: राजा, याजक, क्वचित संदेष्टा. आणि यशया ४५:१ जरूर पाहा. तिथे 'अभिषिक्त' कोण, तर पर्शियाचा (इराणचा) राजा कोरेश, म्हणजे सायरस! देवाला न ओळखणारा परका माणूस. तेव्हा हे पद कोणाला द्यायचं हे ऐकणाऱ्यांच्या अपेक्षेवर कधीच अवलंबून नव्हतं.

उत्तर: पेत्राबद्दल. मार्क ८:३०, ३२ आणि ३३ या तिन्ही ओव्यांत ग्रीक क्रियापद एकच आहे, 'एपितिमाओ', म्हणजे दटावणं. येशू शिष्यांना ताकीद देतो, आपल्याला दुःख सोसून मरावं लागेल असं तो सांगताच पेत्र येशूला दटावतो, येशू पेत्राला दटावतो. भाषांतरात शब्द बदलले की ही साखळी दिसत नाही. पेत्राचा शब्द बरोबर होता, पण त्यात 'दुःख सोसावे, मारले जावे' याला जागा नव्हती. रोमी सेनापती पाँपेने ख्रि. पू. ६३ मध्ये यरुशलेम घेतल्यानंतरच्या 'शलमोनाची स्तोत्रे' या संग्रहात (१७वे स्तोत्र) राजा दाविदाचा वंशज परक्यांना शहरातून हाकलून देईल अशी आस आहे. शिष्यांच्या डोक्यात हेच चित्र असणार.

मतभेद: 'सगळे यहुदी लढवय्या राजाचीच वाट पाहत होते' हे प्रवचनातलं वाक्य मात्र ढोबळ आहे. मृत समुद्राजवळच्या कुम्रान इथे सापडलेल्या 'समाजाचा नियम' या जुन्या यहुदी गुंडाळीत अहरोनाचा (याजक) आणि इस्राएलाचा (राजा) असे दोन अभिषिक्त आहेत. शिवाय राजाची अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही, ती शास्त्रातलीच आहे. चूक झाली ती एकच धागा पकडून बाकीचे सोडण्यात. येशूला क्रूसावर मारल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य 'इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, अशी आमची आशा होती' म्हणतात (लूक २४:२१). त्यांच्या लेखी क्रूस म्हणजे आशा खोटी ठरल्याचा पुरावा.

प्रश्न: मग बेथानी गावात एका बाईने येशूच्या डोक्यावर तेल ओतलं, तोच त्याचा मशीहा म्हणून अभिषेक का?

उत्तर: मोह होतो, पण जपून. मार्क १४:८ मध्ये क्रियापद 'मुरिझो' आहे, सुगंधी तेल लावणं, आणि तेही 'उत्तरकार्यासाठी', म्हणजे पुरण्याच्या तयारीसाठी. 'ख्रिस्त' ज्यापासून बनतो ते 'ख्रिओ' तिथे नाही. ते लूक ४:१८ आणि प्रेषितांची कृत्ये १०:३८ मध्ये आहे, आणि तिथे तेल नसून पवित्र आत्मा आहे. बेथानीबद्दल लिहिताना 'तेल ओतले' एवढंच लिहावं. 'अभिषेक' लिहिलंच, तर तो दफनासाठी होता हे त्याच वाक्यात यावं.