मदत हवी आहे: बोटीचं इंजिन तापतंय, डिझेलमध्ये पाणी

पानशेतला ठेवलेली जुनी मोटरबोट, चार सिलिंडर डिझेल. १८०० आरपीएमच्या वर नेलं की दहा मिनिटांत ९५ अंश. सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून त्या पाण्याची गाळणी साफ केली, इंपेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा टाकला. जुन्याची दोन पाती तुटली होती, सापडलं एकच. दुसरं हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनचं पाणी थंड करणारा नळ्यांचा भाग) तोंडाशी अडकलं असेल? की गाळणीच्या झाकणाच्या ओ-रिंगमधून (रबरी कडी) पंप हवा ओढतोय? गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर आहे, त्यामुळे गळती दिसणारच नाही.

शिवाय डिझेलच्या ३० मायक्रॉन फिल्टरच्या वाटीत दर आठवड्याला पाणी आणि काळा बुळबुळीत गाळ. अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, पण एवढं? डेकवरच्या झाकणाच्या रबरावर संशय आहे. बायोसाइड (डिझेलमधले जंतू मारणारं औषध) टाकी उपसण्याआधी टाकावं की नंतर? एक्स्चेंजरच्या नळ्या नीट साफ करणारं पुण्यात कोणी? रेडिएटरवाले ॲसिड ओततात, ते नको.